चतुर्दशी पाळणारी मुंगसं

अभयारण्यातली पाटी कुणी वाचत नाही, हे त्रिशला मगदूमला या धंद्यात पडल्यावर पहिल्याच वर्षी कळून चुकलं होतं. लोक पाटीला टेकून फोटो काढतात, पाटीच्या सावलीत डबा उघडतात, पोरं तिच्या खांबाला धरून गरगर फिरतात. वाचत मात्र कुणी नाही. आणि वाचावं तरी काय? वर खात्याचं बोधचिन्ह, खाली प्राण्याचं नाव, वजन, उंची, आहार, निवास. मध्यस्थानं स्थळाची माहिती आणून द्यावी तसा सगळा मामला. तरसाचं वजन किती, हे कळून माणसानं करायचं काय?

म्हणून सांगलीपासून तासाभरावरच्या बेलदरा अभयारण्याच्या पाट्यांचं आणि निसर्ग केंद्राचं काम तिला मिळालं, तेव्हा तिनं एक गोष्ट मनाशी पक्की केली. आपल्या पाट्या माहिती सांगणार नाहीत, बातमी सांगतील. तरस कसा असतो ते राहू दे. तरस आज पहाटे इथून गेला, तुम्ही उभे आहात ना, बरोबर तिथून, एवढं सांगितलं की माणूस आपोआप पायाखाली बघतो. एकदा तो खाली बघायला लागला की पुढचं काम जंगल करतं.

ही बातमी आणणारं यंत्र डॉ. नचिकेत देवल पुण्याहून घेऊन आला होता. चपलांच्या खोक्याएवढा डबा. कागदोपत्री त्याचं नाव हवावाचक, पण बेलदऱ्याच्या वनरक्षकांनी दुसऱ्याच दिवशी त्याला ‘नाक’ करून टाकलं, आणि ते ज्या पाटीत बसवलं ती नाकपाटी.

नाकाचं शास्त्र ऐकायला सोपं होतं. प्रत्येक जनावर, अगदी तुम्ही-आम्हीसुद्धा, चालता-बोलता स्वतःला थोडं थोडं सांडत असतं. कातडीचे कण, श्वासातले थेंब, लाळ, केसांचे तुकडे. यातल्या कणाकणात त्या जनावराचा डीएनए असतो, आणि हा सगळा केर वाऱ्यावर तरंगत राहतो. हवा गाळून प्राणी ओळखता येतात हे शास्त्रज्ञांना बऱ्याच वर्षांपूर्वी कळलं होतं, पण तेव्हा नमुना प्रयोगशाळेत पाठवायचा आणि उत्तराची वाट बघत बसायचं. नचिकेतच्या डब्यात हे सगळं जागच्या जागी व्हायचं. डबा हवा ओढून घ्यायचा, गाळणीवर अडकलेल्या कणांतून डीएनएचे धागे मोकळे करायचा, आणि एकेक धागा इतक्या बारीक छिद्रातून ओढायचा की धाग्यावरचं प्रत्येक अक्षर जाताना विजेचा प्रवाह किंचित हलावा. त्या हलण्यावरून डबा अक्षरं वाचायचा आणि पोटातल्या संग्रहाशी ताडून बघायचा. चुलीवर चहाला उकळी येईपर्यंत पाटीतल्या छोट्या खिडकीत उत्तर उमटायचं: ‘खोकड. थोड्या वेळापूर्वी.’

पाटीतली ही एक खिडकी सोडली तर बाकी सगळी पाटी हातानं रंगवलेली होती. भर उन्हात चकाकणारे डिजिटल पडदे त्रिशलाला जंगलात नकोच होते. आणि खरं सांगायचं तर तिला वडिलांना काम द्यायचं होतं.

तिचे वडील म्हणजे भूपाल पेंटर. सांगली-मिरजेच्या अर्ध्या बाजारपेठेवर एके काळी त्यांचं अक्षर होतं. सराफ असो, सायकलवाला असो की कापडवाला, अण्णांच्या हातची पाटी लागल्याशिवाय दुकान उघडल्यासारखं वाटायचं नाही. मग छापील फ्लेक्स आले आणि अण्णांचे रंगाचे डबे माळ्यावर गेले. आता सत्तरी उलटल्यावर लेकीनं ते खाली काढायला लावले होते. अण्णा कुरकुरले, कंबर दुखते म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच तयार होऊन बसले.

त्यांचं एकच दुखणं होतं. पेंटर माणूस पाटी झाली की खालच्या कोपऱ्यात आपलं नाव टाकतो, ही सगळ्या पेंटरांची रीत. पण बेलदऱ्याच्या वनक्षेत्रपाल रेहाना तांबोळी यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, की सरकारी पाटीवर खासगी नाव चालणार नाही.

“बारीक टाकतो की मॅडम. मुंगीला सुद्धा दिसायचं न्हाई,” अण्णा म्हणाले होते.

“भूपालकाका, मुंगीला नाही दिसलं तरी ऑडिटवाल्याला दिसतं,” तांबोळी मॅडमनी हसून सांगितलं, आणि विषय संपला. अण्णांच्या बाजूनं संपला नव्हता. प्रत्येक पाटी पुरी झाली की ते उजव्या कोपऱ्यातल्या रिकाम्या जागेकडे बघून एक सुस्कारा सोडायचे, लेकीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.

नाकाच्या पहिल्या चाचणीची गोष्ट बेलदऱ्यात अजून सांगतात. कोल्हापूरहून एक वरिष्ठ अधिकारी खास बघायला आले होते. दिवस श्रावणाचे. साहेबांनी येताना गाडीत सगळ्यांना आपल्या उपवासांचं महत्त्व सांगितलं होतं. पाटीसमोर उभे राहून ते कौतुकानं वाकले, आणि खिडकीत उमटलं: ‘माणूस. शेळी. आत्ता.’ सगळे एकदम झाडावरचे पक्षी बघायला लागले.

त्या संध्याकाळी त्रिशलानं नचिकेतला बजावलं, की माणूस आणि पाळीव जनावरं, दोन्हींचं वाचन डब्याच्या आतच पुसलं गेलं पाहिजे. खिडकीत नको आणि साठ्यातही नको.

“पण विज्ञानाच्या दृष्टीनं ती माहिती फार मोलाची आहे,” नचिकेत कळवळला.

“असेल. लोक आपापल्या घरातून इथं येतात. कुणाच्या घरात काय शिजलं, कुणाच्या अंथरुणात मांजर झोपतं, ते आपल्या पाटीनं हुंगायचं नाही. मी जंगलासाठी पाटी करतेय, चहाडीसाठी नाही.”

तिनं हे ठामपणे सांगितलं आणि तांबोळी मॅडमनी मान डोलावली. तेव्हापासून नाक फक्त रानटी जनावरांबद्दल बोलायला लागलं.

मुंगूस त्यानंतर आलं.

मुंगूस दिसणं ही काही बातमी नव्हे. ते गावाच्या उकिरड्यावरही दिसतं. पण मुंगूस एकांडं जनावर, फार तर पिलांसोबत आई. इथं मात्र नाक भलतंच बोलत होतं. कितीही मोजदाद केली तरी वेगवेगळ्या आयांच्या पोटच्या किमान एकवीस मुंगसांचे धागे एकाच जागी, एकाच वेळी सापडत होते. आज पाणवठ्याजवळच्या पाटीत, परवा बांबूच्या बेटाजवळच्या पाटीत. अख्खी टोळीच्या टोळी जणू गावाला निघाल्यासारखी अभयारण्यातून हिंडत होती.

नचिकेतची झोप उडाली. “कळपानं राहणारं मुंगूस आफ्रिकेत आहे. आपल्याकडचं असं वागल्याची कुठंच नोंद नाही,” तो जो भेटेल त्याला सांगायचा. त्यातले काही वंश त्याच्या संग्रहात बंगालकडचे होते, काही पार दक्षिणेकडचे, पण त्यालाही त्यानं उत्तर शोधलं होतं: मुंगसांचा आजवरचा नकाशाच चुकलाय. एकदा माणसाला शोध लागायचा ठरला की मग त्याला काही आडवं येत नाही.

वनरक्षकांनी बिळं धुंडाळली. कॅमेरे लावले. कॅमेऱ्यात साळिंदर आलं, रानमांजर आलं, तंबाखू मळताना एक वनरक्षकही आला. मुंगूस आलं ते एकटंदुकटं. तरीही तांबोळी मॅडमच्या डोळ्यांत चमक आली होती. बेलदरा लहान, ना तिथं वाघ ना बिबट्या. अशा अभयारण्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. आता निसर्ग केंद्राचं पहिलं दालन मुंगसांना द्यायचं ठरलं. मातीची बिळं करायची, मुलांना रांगत आत शिरता येईल एवढी मोठी. त्रिशलानं आराखडा काढला आणि तीही त्यात रमली. रमली, तरी एक गोष्ट तिला टोचत होती.

“नचिकेत, नर-मादीचा रकाना सारखा रिकामा का येतो?”

“तेच कळत नाहीये.” त्यानं टॅब तिच्याकडे वळवला. “बाकी सगळ्या प्राण्यांचा येतो. असं बघा, पेशीत डीएनए दोन ठिकाणी असतो. एक मधल्या केंद्रकात, आईबाप दोघांचा मिळून. नर की मादी ते त्यावरून कळतं. दुसरा केंद्रकाबाहेर, पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या बारीक कणांत, तो फक्त आईकडून येतो. आपल्या मुंगसांचा हा आईकडचा डीएनए भरपूर मिळतोय. केंद्रकातला जवळजवळ नाहीच.”

“असं कधी होतं?”

“नुसता केस असला तर होतं. केस वाढताना त्याच्या दांडीतलं केंद्रक नष्ट होतं, आईकडचं तेवढं उरतं. पण जिवंत जनावर नुसते केस थोडंच सांडतं? लाळ सांडतं, कातडी सांडतं…” तो बोलता बोलता थांबला, मग खांदे उडवून त्यानं नकाशा उघडला. “ते जाऊ दे, हे बघा. टोळीचा दिनक्रम सापडलाय मला.”

नकाशावर ठिपके होते, प्रत्येकाला वेळ जोडलेली. टोळी सकाळचं कोवळं ऊन अंगावर घेत निघायची. दुपारी ऊन चढलं की पाणवठ्याजवळच्या आंब्याखाली विसावायची. ऊन उतरलं की पुन्हा जिथं सोडलं तिथून पुढे. आणि सूर्य मावळायच्या बराच आधी गायब.

“दिवसा फिरणारं जनावर आहे, पण संध्याकाळचा चांगला शिकारीचा वेळ का सोडतं, कळत नाही. आणि मधे मधे काही दिवशी टोळी बाहेरच पडत नाही. पाऊस नाही, थंडी नाही, गर्दी नाही. या तारखा बघा, काही संगती लागते का.”

त्रिशलानं तारखा बघितल्या. त्यातल्या शेवटच्या तारखेला तिनं स्वतः केलेला उपमा एकटीनं खाल्ला होता, कारण अण्णांना त्या दिवशी उपास होता. चतुर्दशी. त्याच्या आधीची अष्टमी. त्याच्या आधीची पुन्हा चतुर्दशी. अष्टमी-चतुर्दशीला अण्णा अन्नाला शिवत नाहीत आणि कामालाही हात लावत नाहीत, दोघं उतरले होते त्या विश्रामगृहाच्या ओसरीवर जपमाळ घेऊन बसतात. एरवी सूर्य मावळायच्या आत जेवण उरकायचं म्हणून काम लवकर आवरतात.

तिला आधी हसूच आलं. “नचिकेत, तुमची मुंगसं चतुर्दशी पाळतात,” असं ती म्हणणार होती. वाक्य तोंडात आलं आणि तिथंच राहिलं. टॅब तिथंच ठेवून ती उठली.

दुपारी अण्णा आंब्याखाली भाकरी सोडून बसले होते. पाण्याची बाटली त्यांनी नेहमीसारखी फडक्यातून गाळून भरून आणली होती. पाण्यातला जीव पोटात जाऊ नये म्हणून ते जन्मभर असंच पाणी पीत आले होते. अर्ध्या झालेल्या पाटीजवळ त्यांचे ब्रश एका डब्यात तेलात उभे होते, आणि त्यात मधोमध ‘जुना’. अण्णा त्याला जुनाच म्हणायचे. दांडीवर कित्येक रंगांचे थर, पितळी टोपी झिजून पिवळीधमक, आणि पुढे लांब लवचीक केसांचं टोक. मोठी वेलांटी एका दमात ओढायची ती जुन्यानंच. काम झालं की त्याला टर्पेंटाइनमध्ये धुवायचं आणि दांडी दोन तळहातांत धरून ताक घुसळावं तशी गरगरा फिरवायची, म्हणजे केस सुटे होतात. त्रिशलानं लहानपणापासून हे हजारदा बघितलं होतं. अण्णा ते करायचे पाटीसमोर उभं राहून, नाकाच्या अगदी तोंडापाशी.

तिनं जुना उचलला. पुसला, धुतला, पुन्हा पुसला. पाटीसमोर धरून दांडी तळहातांत फिरवली. मग उभी राहिली. तेवढ्या वेळात चहा दोनदा उकळला असता असं तिला वाटलं.

खिडकीत उमटलं: ‘मुंगूस. आत्ता.’

तिनं बाजूचा नवा ब्रश धरून बघितला. डुकराच्या केसांचा असावा. खिडकी कोरी राहिली. राहणारच. पाळीव जनावरांचं वाचन तिनंच तर पुसायला लावलं होतं. लोकांच्या घरात डोकवायचं नाही म्हणून तिनं एवढी तजवीज केली आणि नाक नेमकं तिच्याच घरात शिरलं होतं.

मुंगसाच्या केसांच्या ब्रशवर कायद्यानं कधीचीच बंदी आहे, हे तिला माहीत होतं. पण त्या क्षणी तिला कायदा आठवला नाही. आठवलं ते सांगलीच्या जैन बस्तीचं, मंदिराचं दार. जीवदयेचं वचन अण्णांनी त्यावर लिहिलं होतं, पैसे न घेता, जुन्यानं. तेव्हा ती खाली उभी राहून त्यांना रंगाचा डबा देत होती. अण्णांना हे कळलं तर काय होईल, हा विचारच तिला करवेना.

संध्याकाळी तिनं गावातून एक महागडा नायलॉनचा ब्रश आणला आणि अण्णांसमोर ठेवला. “जुन्याचे केस फार गळायला लागलेत, अण्णा. आता त्याला निवृत्त करा.”

अण्णांनी ब्रशकडे बघितलंसुद्धा नाही. “दुपारी तू त्याला नाकापुढं धरलं हुतंस. मी आंब्याखालनं बघत हुतो.”

त्रिशलानं नवा ब्रश उचलून बाजूला ठेवला.

“काय म्हणालं तुझं नाक? कशाचा हाय तो?”

खोटं बोलायची तिची तयारी होती. घोड्याचा म्हणून सांगायचं, जुना विहिरीत टाकायचा, नचिकेतला म्हणायचं टोळी डोंगरापलीकडे गेली. मुंगसांचं दालन होईल, मुलं बिळांतून रांगतील, कुणाचं काही बिघडणार नाही. सगळं मनात जुळलेलं होतं. पण अण्णा तिच्याकडे असे बघत होते, की तिला दुसरं काही बोलताच आलं नाही.

“मुंगसाचा आहे, अण्णा.”

“कापून घेत असतील. मेंढराची लोकर कापत्यात तसं.”

“मुंगूस कुणी पाळत नाही. फासात धरतात आणि मारतात.”

“किती?”

“एकवीस तरी. जास्तच असतील.”

अण्णांनी स्वतःच्या तळव्यांकडे बघितलं. मग म्हणाले, “मी इचारलं हुतं. पुण्यात घेतला तेव्हा दुकानदाराला सोडलं न्हाई मी. म्हटलं, आमच्यात चालत न्हाई, खरं सांग. तर म्हणाला, घोड्याच्या शेपटीचा केस हाय, कापून घेत्यात, जनावराला कळत बी न्हाई. मी इचारलं हुतं, त्रिशला.”

“मला माहिती आहे, अण्णा. तुमची काही चूक नाही. तुम्हाला फसवलं.”

अण्णा उठले आणि नळावर जाऊन हात धुवायला लागले. किती तरी वेळ धूतच राहिले. त्या दिवशी चतुर्दशी नव्हती, तरी ते जेवले नाहीत. त्रिशलाला आतून रडू फुटत होतं आणि त्या डब्याचा, नचिकेतचा, स्वतःच्या हुशारीचा भयंकर राग आला होता.

सकाळी ती उठली तेव्हा अण्णा ओसरीवर जुना घेऊन बसले होते. उजेडात केस पसरून त्यांनी तिला जवळ बोलावलं.

“हे बघ. एकेका केसावर पट्टे हायत. पांढरा, काळा, पुन्हा पांढरा. दिसतंय?”

“हो.”

“मला पहिल्या दिवसापासनं दिसतंय. रंगाचाच धंदा माझा. घोड्याच्या शेपटीला असले पट्टे असत्यात व्हय?” अण्णांनी केस बोटानं मिटवले. “काल तू म्हणालीस, फसवलं. फसवलं एकदा. नंतर इतकी वर्षं मीच फसवून घेतलं. एकदाच इचारलं मी. दुसऱ्यांदा इचारलं असतं तर सोडावा लागला असता. आणि तसली वेलांटी दुसऱ्या कशानं यीत न्हवती.”

त्रिशलानं त्यांचा हात धरला.

“चल,” अण्णा म्हणाले, “मॅडमकडं जाऊ.”

“कशाला? अण्णा, गुन्हा आहे हा. जवळ बाळगणंसुद्धा गुन्हा आहे. कुणाला कळणार नाही, आपण…”

“आणि पाटीवर काय लिहू मग? मुंगसांची टोळी इथनं गेली? माझ्या हातनं?”

तांबोळी मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मधे त्यांनी एकदा चष्मा काढून पुसला. नचिकेत खुर्चीत खचून बसला होता. एका सकाळीत त्याचा शोध, त्याचा लेख आणि त्याचा नकाशा गेला होता.

“भूपालकाका, मला पंचनामा करावा लागेल,” मॅडम म्हणाल्या. “ब्रश जप्त होईल. जबाब होईल. पुढं वरचे लोक काय करतील ते माझ्या हातात नाही. तुम्ही आपणहून आणलात हे मी पहिल्या ओळीत लिहीन.”

“लिवा. आणि ते दुकानाचं नाव बी लिवा. बंद पडलं असंल, तरी लिवा.”

पंचनामा झाला. जप्तीच्या पाकिटात जाण्याआधी नचिकेतनं जुना हातात घेतला आणि नुसता बघत राहिला. मग एकदम सरळ होऊन बसला. “मॅडम, हे वंश. बंगाल, दक्षिण, मध्य भारत. माझा नकाशा मुंगसं कुठं राहतात त्याचा नव्हताच. ती कुठनं कुठनं धरली त्याचा आहे. असे आणखी ब्रश मिळाले तर कुठल्या भागात किती फासे लागत होते ते काढता येईल. कदाचित अजूनही लागत असतील.”

आणखी ब्रश अण्णांनी मिळवले. त्यांनी मिरजेला, इचलकरंजीला, जतला आपल्या जुन्या सोबत्यांना फोन लावले. काहींनी फोन आपटला. काहींनी शिव्या घातल्या, की गप बसायचं सोडून म्हाताऱ्यानं हे कुठलं लचांड काढलं. आणि तरीही महिन्याभरात एकेक म्हातारा पेंटर एसटीनं बेलदऱ्याला यायला लागला, काखेत फडक्यात गुंडाळलेले ब्रश घेऊन. तांबोळी मॅडम त्यांना चहा द्यायच्या आणि जबाब लिहून घ्यायच्या. चौकशी रेंगाळली. वकिलाचे हेलपाटे झाले, आणि शेवटी अण्णांना ताकीद देऊन सोडण्यात आलं. ब्रश शिक्षणासाठी केंद्रात ठेवायची परवानगी यायला मात्र अख्खा पावसाळा गेला.

मुंगसांच्या बिळांचा आराखडा त्रिशलानं केव्हाच फाडून टाकला होता. आता पहिलं दालन जवळजवळ रिकामं होतं. दारासमोरच एक नाकपाटी, आणि तिच्यावर मोठ्या अक्षरांत एकच ओळ: ‘या खोलीत मुंगसं आहेत. शोधा.’ खिडकीत नाक त्याला दुजोरा द्यायचं: ‘मुंगूस. आत्ता.’ चाचणीसाठी आणलेली गावातल्या शाळेची पोरं आत शिरली आणि बाकाखाली वाकली, दाराआड बघू लागली, एकमेकांच्या दप्तरांत डोकावली. मास्तरांनीसुद्धा हळूच छताकडे बघून घेतलं. मग एका पोरीला कोपऱ्यात तिच्या छातीएवढ्या उंचीवर काचेची पेटी दिसली. पेटीला हवेसाठी बारीक भोकं होती, आणि आत जुना होता. ती कितीतरी वेळ नाक काचेला लावून उभी राहिली.

“याच्यात कशी मावली?” तिनं विचारलं. त्रिशला एवढ्याच प्रश्नासाठी इतके दिवस खपली होती.

पेटीशेजारची पाटी अजून कोरी होती. तिच्यावरचा मजकूर अण्णांनी स्वतः सांगितला होता आणि त्रिशलानं त्यातला एकही शब्द हलवला नव्हता. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी अण्णा नायलॉनचा ब्रश घेऊन पाटीसमोर बसले. ब्रश रंग धरत नव्हता. जिथं जुना वळला असता तिथं हा अडायचा. वेलांट्या थरथरल्या, एका जागी रंग ओघळला. पूर्वीच्या अण्णांनी ती पाटी खरवडून पुन्हा केली असती. आत्ताच्या अण्णांनी ओघळ बोटानं पुसला आणि पुढे लिहीत राहिले.

‘हा ब्रश मी उमेदीची सगळी वर्षं वापरला. यात किमान एकवीस मुंगसं आहेत. घेताना मला सांगितलं होतं, घोड्याचा आहे. केसांवरचे पट्टे मला दिसत होते. मी एकदाच विचारलं.’

तांबोळी मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी पाटी वाचली, पुन्हा वाचली. “काका, यात तुमचं नाव कुठंच नाही, तेच ठीक आहे. लोक कसे असतात तुम्हाला माहीत आहे. उगाच सांगलीभर चर्चा नको.”

अण्णांनी ब्रश रंगात बुडवला, डब्याच्या काठावर निथळला, आणि पाटीच्या उजव्या कोपऱ्याकडे सरकले.

“भूपालकाका,” तांबोळी मॅडम म्हणाल्या, “सरकारी पाटी आहे.”

“म्हाईत हाय. बाकीच्या सगळ्या पाट्यांवर तुम्ही नगं म्हणालासा, मी ऐकलं,” अण्णा मागे न बघता म्हणाले. “ह्या एकीवर ऐकणार न्हाई.”

मॅडमनी त्रिशलाकडे बघितलं. त्रिशलाचे डोळे भरून आले होते. मॅडम खिडकीशी गेल्या आणि बाहेरच्या आंब्याकडे बघत उभ्या राहिल्या, अण्णांचं लिहून होईपर्यंत.

भूपाल पेंटर, सांगली.